भार वाहणारे आणि अर्थ वाहणारे

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला आतून अर्धगोल लाकडी फासळ्या लावलेल्या आहेत. लाकूड सागाचे आहे आणि लेण्याइतकेच जुने, म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांचे मानले जाते. या फासळ्या काहीही पेलत नाहीत. लेणे डोंगर पोखरून केलेले, त्यामुळे वरचे छत म्हणजे डोंगरच. त्याला कुणाच्या आधाराची गरज नाही. उलट छतानेच फासळ्यांना धरून ठेवले आहे. तरीही जमिनीपासून सुमारे १४ मीटर उंचीवर, परांची बांधून, त्या ओळीने बसवण्याचे कष्ट कुणीतरी घेतले. कार्ल्याहून जुन्या भाजे लेण्यात तर याहून नवल आहे. तिथले अष्टकोनी दगडी खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत गोलाकार छप्पर खांबांना बाहेर रेटते, म्हणून खांब आत झुकवून उभे करावे लागत. दगडात कोरताना तो रेटा उरलाच नव्हता. कल मात्र तसाच राहिला.

आता पेशवाईतल्या एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यात या. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, आणि दोन खांबांच्या मध्ये पाकळ्या-पाकळ्यांची नक्षीदार महिरप. पाहणाऱ्याला वाटते, वरचा मजला या महिरपीवर तोलला आहे. प्रत्यक्षात ती कोरीव लाकडी फळी आहे. भार घेते ती तिच्या वरून जाणारी आडवी तुळई. महिरप काढून घेतली तरी माडीवर बसलेल्यांना पत्ता लागणार नाही.

म्हणजे एकीकडे दगडी इमारतीत लाकडाचे रूप, दुसरीकडे लाकडी इमारतीत दगडी कमानीचे रूप, आणि दोन्ही ठिकाणी ते बिनभाराचे. वास्तुकलेच्या तात्त्विक चर्चेतला एक मोठा वाद नेमक्या याच जागेवर उभा आहे. इमारतीचा अर्थ तिच्या हाडांत असतो की वरून चढवलेल्या साजात? जे भार वाहते त्यानेच अर्थही वाहायला हवा का? युरोपात या वादावर अडीचशे वर्षे ग्रंथ लिहिले गेले. आपल्याकडे ग्रंथ कमी झाले, पण दगड, लाकूड, विटा आणि काँक्रीट यांत तोच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवला गेला.

दगडाची मर्यादा

आधी भाराचे साधे गणित पाहू. इमारतीतले प्रत्येक वजन कुठल्या ना कुठल्या वाटेने जमिनीत जाते. खांब आणि भिंत यांची वाट सरळ असते, त्यांच्यावर फक्त दाब येतो. खरी अडचण येते ती मोकळ्या जागेवर छत घालताना. दोन खांबांवर आडवी तुळई ठेवली की ती किंचित वाकते. वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. लाकूड दाब आणि ताण दोन्ही बऱ्यापैकी सोसते. दगड दाबाला खंबीर, पण ताणाला अगदी कच्चा. त्यात गाळा दुप्पट केला, की तितक्याच जाडीच्या भाराखाली तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो. म्हणून दगडी तुळयांच्या इमारतीत खांब जवळजवळ येतात.

अंबरनाथचे शिवमंदिर (इ.स. १०६०) किंवा सिन्नरचे गोंदेश्वर पाहताना हे गणित ध्यानात ठेवावे. सभामंडपातली खांबांची दाटी, त्यांवरची हस्ते, आणि वर थराथराने पुढे सरकत मिटत जाणारे छत. पुस्तकांच्या चळतीत प्रत्येक पुस्तक खालच्याहून बोटभर पुढे ठेवत जावे, तसे हे दगडी थर. प्रत्येक थर आडवाच बसतो आणि मागच्या वजनाने दाबून धरलेला असतो. या पद्धतीने फार मोठे दालन साधत नाही. पण जे साधते त्यालाच परंपरेने अर्थ दिला. पायरीपायरीने अरुंद होत जाणारा मार्ग, प्रकाशाकडून अंधाराकडे, आणि शेवटी एकाच मूर्तीपुरता गाभारा. वरचे थर उंच चढवत नेले की शिखर होते, आणि शिखराला मेरू किंवा कैलास म्हणता येते. इथे दगडाची मर्यादा आणि धर्माची कल्पना इतक्या एकजीव झाल्या की कोण कुणाच्या मागे गेले हे सांगता येऊ नये.

मात्र वेरूळचे कैलास लेणे या समजुतीला लगेच छेद देते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, ते वरून खाली कोरत आणले. एकसंध खडकात खांब-तुळईची गरज नव्हती. तरी खांब आहेत, तुळया आहेत, शिखराचे थर आहेत. बांधलेल्या देवळाचे पूर्ण रूप न बांधता उभे केले आहे. कार्ल्यात लाकडाचे जे झाले, तेच सात शतकांनी दगडी बांधणीचे झाले. ज्या रचनेला लोक देऊळ म्हणून ओळखू लागले होते, ती रचना कारण संपल्यावरही सोडता येईना.

ग्रंथांतले भांडण

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने इमारतीकडून तीन गोष्टींची अपेक्षा केली: दृढता, उपयोग आणि सौंदर्य. या यादीत अर्थ वेगळा सांगितलेला नाही. पण त्याच्याच ग्रंथात ग्रीक देवळांच्या माथ्यावरच्या उभ्या खाचांच्या दगडी पट्ट्यांचे मूळ दिले आहे. जुन्या लाकडी देवळांत तुळयांची टोके बाहेर येत आणि सुतार ती झाकून घेत. तीच झाकलेली टोके पुढे संगमरवरात आली. म्हणजे अथेन्समधला पार्थेनॉनसुद्धा काही अंशी सुतारकामाची दगडी आठवण आहे.

अठराव्या शतकात या आठवणीचा हिशेब मागितला गेला. फ्रेंच पाद्री लोजिए याने १७५३ साली मांडले, की चार खांब, त्यांवर तुळया आणि वर उतरते छप्पर, अशी आदिम झोपडी हेच वास्तुकलेचे मूळ. तिच्यात न बसणारे सारे सवलतीचे नाहीतर चुकीचे. जॉन रस्किनने १८४९ मध्ये त्याला नीतीची धार दिली. जो आधार खरा नाही तो खरा असल्याचे भासवणे ही त्याच्या लेखी फसवणूक होती. व्हियोले-ल-द्युक याने गॉथिक चर्चची मांडणी जवळजवळ यंत्रासारखी केली: छतातल्या फासळ्या भार गोळा करतात, बाहेरचे उडते टेकू तो झेलतात, आणि भिंत मोकळी होऊन तिथे रंगीत काच येते. पुढे पहिल्या महायुद्धात बाँबने जखमी झालेल्या चर्चमध्ये काही जागी फासळ्या कोसळल्या आणि मधले छत तसेच टिकले. १९३४ मध्ये पोल अब्राहम याने या सगळ्या मांडणीलाच प्रश्न केला. काही फासळ्या बांधकामाच्या वेळी उपयोगी पडतात, नंतर मुख्यतः डोळ्यांसाठी असतात, हे मग बऱ्याच जणांना मान्य करावे लागले.

यातला सर्वांत सुपीक विचार जर्मन परंपरेतून आला. ब्योटिशरने प्रत्येक अवयवाची दोन रूपे धरली: एक काम करणारे, दुसरे ते काम बोलून दाखवणारे. गॉटफ्रिड झेम्परने १८५१ मध्ये आणखी पुढची गोष्ट सांगितली. त्याच्या मते घराचे मूळ घटक चार: चूल, जोते, छपराचा सांगाडा आणि आडोसा. आडोसा म्हणजे भिंत, आणि भिंतीचे मूळ विणकामात. भार सांगाडा घेतो. विणलेली भिंत आतले आणि बाहेरचे वेगळे करते, आणि म्हणून अर्थाची खरी जागा तीच.

झेम्परने हा विचार लंडनच्या प्रदर्शनात पाहिलेल्या त्रिनिदादच्या झोपडीवरून पक्का केला. डहाणू-जव्हारकडचे वारली घर पाहिले असते तर त्याला आणखी चांगला पुरावा मिळाला असता. छप्पर लाकडी मेढींवर असते. भिंत म्हणजे कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि गेरू. लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात तो याच भिंतीवर. घरातला सर्वांत भारी अर्थ सर्वांत हलक्या, काहीही न पेलणाऱ्या भागावर आहे.

विसाव्या शतकाने साजाविरुद्ध मोठी आघाडी उघडली. आडोल्फ लूसने अलंकाराला गुन्ह्याच्या पंगतीत बसवले. पण त्या शतकाच्या मध्यावर, १९५८ साली, न्यूयॉर्कमध्ये मीस व्हान डेर रोहची सीग्रॅम इमारत उभी राहिली आणि प्रश्न पुन्हा तिथेच आला. आगीपासून संरक्षणासाठी खरा पोलादी सांगाडा काँक्रीटमध्ये झाकावा लागतो. मग इमारत पोलादाची आहे हे दिसणार कसे? मीसने बाहेरून काचेच्या मध्ये काशाच्या उभ्या पट्ट्या लावल्या, आकाराने अगदी पोलादी तुळईसारख्या. इमारतीचा भार त्या घेत नाहीत. साधेपणाचा सर्वांत कडक आग्रह धरणाऱ्याने केलेल्या या कार्ल्याच्या फासळ्याच होत. १९७२ मध्ये रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी लास वेगासच्या रस्त्यांचा अभ्यास करून उघड सांगितले, की साधी पेटी बांधून तिच्यावर खुणा लावणे यात काही पाप नाही. केनेथ फ्रॅम्प्टनने उलट बाजू लावून धरली: खुणा कुणीही चिकटवतो, जोडकामातून उमटलेला अर्थच टिकतो.

कमान, घुमट आणि धर्म

तुळई सोडून कमान घेतली की दगडाची अडचण सुटते, कारण कमानीत पाचरीसारखे कापलेले दगड एकमेकांना फक्त दाबतात. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने याचे मर्म सांगितले: टांगलेली साखळी ज्या वळणाने लोंबते तेच वळण उलटे केले की ताठ कमानीचे योग्य वळण मिळते. पण कमान पायथ्याशी बाहेर रेटते, आणि तो रेटा कुणीतरी झेलावा लागतो. घुमटात हाच रेटा चहूबाजूंनी असतो.

विजापूरचा गोल घुमट हा या प्रश्नाचा दक्षिणेतला सर्वांत धाडसी सोडवलेला नमुना. मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये वारला. त्याची कबर इथे आहे. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. चौरस दालनावर गोल घुमट बसवायचा तर कोपरे भरून काढावे लागतात. इथे चारी बाजूंकडून एकमेकींना छेदणाऱ्या कमानी उभ्या केल्या. त्या माथ्यावर तारकेसारखी आकृती करतात, आणि त्यांच्यावरचे वजनदार बांधकाम आत झुकून घुमटाचा बाहेरचा रेटा आवरते. सगळा खेळ तोलाचा, आणि नक्षी अगदी कमी. इथे भार आणि अर्थ एकच आहेत: इतकी मोठी पोकळी एका माणसाच्या कबरीवर धरून ठेवणे हेच सत्तेचे विधान.

यावरून घुमट म्हणजे इस्लामी असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. गोव्यातल्या कवळ्याच्या शांतादुर्गेच्या देवळासमोर तो टिकत नाही. अठराव्या शतकात, शाहू महाराजांच्या आश्रयाने झालेल्या या देवळावर घुमट आहे आणि भिंतींत चर्चसारख्या गोल कमानींच्या खिडक्या आहेत. विजापूरची, गोव्यातल्या पोर्तुगीजांची आणि देशावरची बांधणी गवंड्यांच्या हातांतून एकत्र आली, आणि भाविकाला त्यात काही परके वाटले नाही. रचना अर्थाला जागा देते, पण कुठला अर्थ बसवायचा हे ती ठरवत नाही. ते वापरणारे ठरवतात.

लोखंड आणि काँक्रीट

एकोणिसाव्या शतकात भाराचे काम लोखंडाने घेतले आणि दगड निव्वळ बोलायला मोकळा झाला. मुंबईत दोन्ही टोके दिसतात. काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेल्या बिडाच्या भागांतून जोडली गेली, सांगाडा उघडाच. त्यानंतर काही वर्षांनी, १८७८ मध्ये, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम सुरू झाले. गाड्यांच्या बाजूला लोखंडी छपरे, रस्त्याच्या बाजूला गॉथिक दगड, मधोमध फासळ्यांचा अष्टकोनी घुमट आणि त्यावर प्रगतीची मूर्ती. कोरीव कामात मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात होता, म्हणून साम्राज्याच्या भाषेत इथली पाने, फुले, मोर आणि माकडेही घुसली. रेल्वे चालवायला घुमट लागत नाही. राज्य चालवायला लागत असावा.

काँक्रीटमध्ये सळई टाकली की दाब काँक्रीट घेते आणि ताण सळई. १९१४ मध्ये ल कॉर्बूझिएने काढलेल्या साध्या चित्रात फक्त खांब, स्लॅब आणि जिना आहे. भिंत कुठेच नाही. भिंतीची भारातून सुटका झाल्याचे ते जाहीर पत्रक होते. आपला वाडा मात्र हे आधीपासूनच जाणत होता. दगडी जोते, त्यावर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये विटांचे भरण. घर किती खणांचे यावर त्याचा आकार आणि घरमालकाची ऐपत दोन्ही मोजली जात. म्हणून महिरपीला दोष देण्यात अर्थ नाही. सुताराला माहीत होते की तुळई काय करते आणि महिरप काय सांगते.

काँक्रीटच्या अर्थाचे प्रयोग मग मुंबईतच झाले. १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्हच्या इमारतींना जहाजाच्या डेकसारखे गोलसर सज्जे आणि खिडक्यांवर लांब आडवे छज्जे आले. वेग आणि नवेपणा यांची ती खूण होती. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कंबाला हिलच्या कांचनजंगा इमारतीत चार्ल्स कोरियांनी ८४ मीटर उंच मनोऱ्याचे कोपरेच कोरून दुमजली गच्च्या केल्या. जुन्या बंगल्याचा व्हरांडा ऊन-पावसाला घराबाहेर थोपवतो. तीच युक्ती उंचावर नेली. इथे आठवण चिकटवलेली नाही, ती रचनेतच उतरली आहे.

स्तूपाचे दोन आधुनिक अवतार या प्रश्नाला निराळे उत्तर देतात. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्याभोवती फिरायचे असते, आत जायचे नसते. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा, शिवदानमल यांच्या आराखड्याचा आणि २००१ मध्ये खुला झालेला स्तूप बाहेरून सांचीची आठवण देतो, पण आतून पोकळ आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या उंबऱ्यावर अडवले गेले, त्यांच्यासाठी आत शिरून एकत्र बसता येणे हाच मोठा अर्थ आहे. गोराईच्या विपश्यना पॅगोडाचे रूप यांगूनच्या श्वेडगॉनचे. तोही इथे पोकळ केला, आणि तो सळईच्या काँक्रीटने न करता एकमेकांत अडकणाऱ्या दगडांनी, मधल्या खांबाशिवाय केला. आतला व्यास सुमारे ८५ मीटर, म्हणजे गोल घुमटाच्या आतल्या व्यासाच्या दुपटीहून अधिक. बुद्धाचे अस्थिधातू ठेवले ते घुमटाला कुलूप घालणाऱ्या मधल्या दगडात. भार जिथे बंद होतो, श्रद्धाही तिथेच ठेवली.

किल्लारीचा धडा

इथवरच्या उदाहरणांत भार आणि अर्थ यांची गल्लत कुणाच्या जिवावर आली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ती आली. गणपती विसर्जनाची रात्र संपत असताना लातूर-उस्मानाबाद भागात, किल्लारीजवळ, भूकंप झाला. तीव्रता सहाच्या थोडी वर. जगाच्या हिशेबाने मध्यम धक्का. तरी सुमारे आठ हजार माणसे गेली.

मराठवाड्यात दगडी भिंत आणि माळवद ही खात्या-पित्या घराची खूण. दोन-तीन फूट जाडीची भिंत म्हणजे उन्हाळ्यात गारवा, आणि गावात वजन. पण ती भिंत बहुधा एकसंध नसते. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मध्ये दगडगोट्यांचे आणि चिखलाचे भरण. दोन्ही पदरांना आरपार जोडणारे लांब दगड घातलेले नसले, तर धक्क्यात पदर एकमेकांपासून सुटतात, पोट काढतात आणि ढासळतात. त्यात गळती थांबवायला दरवर्षी माळवदावर मातीचा नवा थर टाकलेला, म्हणजे डोक्यावर टनावारी वजन. जिथे माळवद खणाच्या लाकडी सांगाड्यावर तोललेले होते, तिथे भिंत पडूनही छप्पर तगण्याची शक्यता होती. भूमिहीनांची गवताची आणि पत्र्याची हलकी घरे बरीच बचावली. भक्कमपणाची खूण भक्कमपणा समजली गेली होती.

पुनर्वसनात उलट टोकाची चूक झाली. अभियंत्यांनी भाराचा प्रश्न सोडवला आणि अर्थाचा वगळला. अनेक नवी गावे सरळ रांगांत, रुंद रस्त्यांवर, एकसारख्या घरांची वसली. गल्ली, पार, भावकीची लागून घरे, दारापुढचा सोपा यांना आराखड्यात जागा नव्हती. लोकांनी मग आपल्या हाताने कुंपणे, ओटे आणि छपऱ्या जोडून गाव पुन्हा घडवायला घेतले. दगडावरचा विश्वास मात्र उडाला तो उडालाच. वास्तविक दगड अपराधी नव्हता. त्याच वर्षीचे भारतीय मानक आयएस १३८२८ दगडी भिंतीसाठी सांगते ते इतकेच: जाडी ४५० मिलिमीटरहून जास्त नको, उभ्या मापात ६०० मिलिमीटरवर आणि आडव्या मापात १.२ मीटरच्या आत आरपार दगड हवा, आणि घराभोवती पट्टा हवा. हे दगड भिंतीच्या पोटात असतात. ते कुणाला दिसत नाहीत, त्यांनी कुणाची प्रतिष्ठा वाढत नाही, म्हणूनच ते गाळले जातात.

सगळा हिशेब मांडल्यावर रस्किनची कसोटी अपुरी वाटते. बिनभाराचा अवयव ही फसवणूक असती तर कार्ले, पार्थेनॉन, महिरप आणि सीग्रॅम, सारेच खोटे ठरले असते. फसवणूक होते ती कुठला भाग काय करतो हे बांधणारा आणि राहणारा दोघेही विसरतात तेव्हा. आज आपली व्यवस्था हे विसरणे पक्के करते आहे. जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी सांगते, की खांब किती दिवस टिकेल. वारसा यादी सांगते, की दर्शनी भाग जपा. एका कागदात अर्थाला रकाना नाही, दुसऱ्यात भाराला. मग वाडा पाडून महिरप तेवढी हॉटेलच्या दारात लागते, नाहीतर दर्शनी भिंत उभी ठेवून मागे बारा मजले चढतात. हे दोन कागद एकाच टेबलावर, एकाच बैठकीत, अभियंता आणि घरात राहणारी माणसे समोरासमोर बसवून वाचले जावेत, एवढी दुरुस्ती तरी नगरपालिकांना सहज करता येईल.